दवाखान्यात भरती मांजर ट्रेमध्येच बसून राहतं, खात नाही, सलाईन नीट जात नाही. काय बदलावं?

जाळीचा_पिंजरा

आमच्याकडे मुख्यतः कुत्री येतात, त्यामुळे सगळी मांडणी कुत्र्यांच्या सोयीची. आता मांजरांना वेगळी खोली मिळाली आहे. स्टीलचे सहा पिंजरे, तीन-तीनच्या दोन ओळी, समोरासमोर. औषधं आणि डोस डॉक्टर ठरवतात. खाणं, सफाई, सलाईनवर लक्ष हे आम्हा मदतनिसांकडे. अडचणी अशा:

१. मांजर लिटर ट्रेमध्ये बसतं ते तिथेच. गादीवर येत नाही.
२. दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. वास घेतं, ओठ चाटतं, तोंड फिरवतं. सिरिंजने भरवलं तर फेस काढतं.
३. सलाईन कधी बंद पडते, कधी तासाभरात अर्धी बाटली (५०० मिलीची) संपते. सलाईनच्या नळीचा सेट नेहमीचाच.
४. पॅनल्यूकोपेनियाचं (मांजरांचा विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य आजार) पिल्लू होतं तो पिंजरा फिनेलने पुसून ठेवला आहे. त्यात दुसरं मांजर कधी ठेवावं?

थेंबमोज्या

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो. बाकीच्या चुका मांजर सोसून नेतं, ही नेत नाही.

मांजराच्या अंगात किलोमागे साधारण ६० मिली रक्त असतं. चार किलोच्या मांजरात २४० मिली. तुमची अर्धी बाटली २५० मिलीची. म्हणजे अंगात जेवढं रक्त, तेवढं पाणी तासाभरात शिरेत गेलं. कुत्र्यात किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं, तिथे थोडंफार इकडेतिकडे झालेलं निभावतं. शिवाय काही मांजरांच्या हृदयाचे स्नायू जाड झालेले असतात आणि स्टेथोने काहीच कळत नाही. अशा मांजराला जादा सलाईन गेली की पाणी फुफ्फुसात किंवा छातीच्या पोकळीत साठतं.

तुमच्या नेहमीच्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा १ मिली होत असेल (पाकिटावर लिहिलेलं असतं, बघून घ्या). चार किलोच्या मांजराला ताशी किलोमागे २ मिली द्यायचे ठरले तर ताशी ८ मिली, म्हणजे त्या सेटवर मिनिटाला तीन थेंबसुद्धा नाहीत. एवढा कमी वेग नळीवरच्या थेंब कमी-जास्त करायच्या चाकावर टिकत नाही, मांजराने पाय हलवला की बदलतो. सिरिंज पंप असेल तर तो वापरा. नसेल तर ६० थेंबांना १ मिली असा मायक्रोड्रिप सेट, तोही मध्ये १०० मिलीची ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली नळकांडी) असलेला. याचा हिशेब तोंडी होतो: ताशी जितके मिली, मिनिटाला तितके थेंब. ८ मिली म्हणजे ८ थेंब, साडेसात सेकंदांना एक. ब्युरेटमध्ये दोन तासांपुरतेच, १६ मिली उतरवा आणि वरचा क्लॅम्प बंद करा. मग चाक चुकून पूर्ण उघडं राहिलं तरी १६ मिलीच्या वर काही जाणार नाही. बाटलीत पोटॅशियम मिसळलं असेल तर ही काळजी दुप्पट. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, कारण पोटॅशियम वेगाने गेलं की हृदय थांबू शकतं.

बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा कोपर. कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) कोपराजवळ बसवली असेल तर मांजर पाय पोटाखाली घेऊन बसलं की ती दुमडते, आणि मांजर तर तसंच बसणार. डॉक्टरांना सांगा की मनगटाच्या बाजूला शक्य तितकी खाली बसवा, किंवा मागच्या पायाची आतली शीर घ्या. २२ किंवा २४ गेज (कॅन्युलाच्या जाडीचं माप) पुरतो. सलाईन चालू नसेल तेव्हा दर ४ ते ६ तासांनी १ मिली नॉर्मल सलाईन हळू सोडून नळी मोकळी ठेवा. ढकलताना जोर लागला किंवा मांजराने पाय ओढला तर थांबा. पट्टीखालची बोटं दिवसातून दोनदा तरी बघा: मधल्या दोन बोटांची नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली तर पंजाला सूज आहे, पट्टी सोडा.

जादा सलाईनची पहिली खूण श्वासात दिसते. मांजर शांत बसलेलं असताना छाती ३० सेकंद बघून दुप्पट करा. मिनिटाला ३० पर्यंत ठीक. आधीपेक्षा चढत चालला असेल किंवा ४० च्या पुढे गेला तर सलाईन बंद करून डॉक्टरांना बोलवा. तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर ‘दमलंय’ असं समजू नका, ते ऑक्सिजनवर जायला हवं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच काट्यावर वजन. एका दिवसात १०० ग्रॅम वाढलं तर ते मांस नाही, १०० मिली पाणी आहे.

खोक्यात_बसा

ट्रेमध्ये बसण्याचं कारण साधं आहे. मांजर लपायला जागा शोधतं आणि रिकाम्या स्टीलच्या पिंजऱ्यात कडा असलेली वस्तू ट्रे एवढीच. पुठ्ठ्याचं खोकं उपडं ठेवून एका बाजूला दार कापा, आत टॉवेल. वरचा भाग बसायला, आतला लपायला. दार पिंजऱ्याच्या तोंडाकडे न करता आडवं ठेवा. खोकं एका मांजराचंच, ते घरी गेलं की कचऱ्यात. मांजर कॅरिअरमधून आलं असेल तर कॅरिअरचा खालचा भागच आत ठेवला तरी चालतं, त्याला घराचा वास असतो. ट्रे आणि अन्न दोन टोकांना हवं. पिंजरा इतका लहान असेल की ते जमत नाही, तर तो मांजरांसाठी लहानच आहे.

समोरासमोरच्या दोन ओळी ही तुमच्या खोलीतली सर्वात वाईट गोष्ट. मांजराला दुसरं मांजर एकटक बघत असणं म्हणजे धमकीच. ओळ हलवता येत नसेल तर मध्ये पडदा लावा, किंवा प्रत्येक दाराचा अर्धा भाग टॉवेलने झाका. अर्धाच, कारण तुम्हाला आत बघता आलं पाहिजे. पिंजरे एकावर एक असतील तर खालचे शक्यतो रिकामे ठेवा.

रोज सकाळी पिंजरा पूर्ण रिकामा करून धुणं बंद करा. त्याच मांजरासाठी फक्त घाण झालेली जागा पुसा, लिटर काढा, पाणी बदला. टॉवेल कोरडा असेल तर तोच राहू द्या, नाहीतर मांजराने लावलेला स्वतःचा वास रोज पुसला जातो आणि रोज त्याला नवी जागा मिळते. लिटर मालकांना विचारून घरी वापरतात तेच. फेरोमोनचा (मांजराला शांत करणाऱ्या गंधाचा) डिफ्यूझर लावायचा तर लावा, पण खोक्याआधी नाही.

तपासणीचा क्रमही बदला. श्वास पिंजऱ्याबाहेरूनच मोजा. रक्तदाब घ्यायचा असेल तर सगळ्यात आधी, मांजर पाच-दहा मिनिटं स्थिरावल्यावर. पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के, पहिलं माप सोडून द्यायचं आणि पुढच्या पाच-सात मापांची सरासरी. मग हृदय, मग पोट, थर्मामीटर शेवटी. गुरगुरण्यामुळे हृदय ऐकू येत नसेल तर शेजारचा नळ सोडा, बहुतेक मांजरं गुरगुरणं थांबवतात. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर २००-३०० पर्यंत सहज चढते, तेव्हा त्या एका आकड्यावरून मधुमेह ठरत नाही. फ्रुक्टोसामाइनची तपासणी मागच्या आठवडाभराची सरासरी सांगते.

जुना_टेबल

बाकी सगळं मान्य. पण प्रत्येक मांजराला खोक्यासकट उचलून आणायला वेळ कुठे असतो? मानगूट धरली की मांजर गप्प बसतं, पाच सेकंदांत इंजेक्शन होतं. आईसुद्धा पिल्लांना तिथेच धरते.

खोक्यात_बसा

@जुना_टेबल, आई तोंडात धरते ती काही आठवड्यांची पिल्लं, तेही उचलून नेण्यापुरती. मोठं मांजर मानगुटीला धरल्यावर निपचित पडतं ते भीतीने. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान मागे, शेपूट पोटाखाली, अंग कडक: हे शांत मांजर नाही. अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय मार्जारवैद्यक संघटनांच्या २०२२ च्या हाताळणीच्या मार्गदर्शनातही मानगूट धरण्याला पाठिंबा नाही.

वेळेचं म्हणाल तर पहिल्या दिवशी पाच सेकंद वाचतात आणि तिसऱ्या दिवशी तेच मांजर दार उघडताच फिस्कारतं, मग दोन माणसं आणि जाड हातमोजे. टॉवेलची पद्धत शिकायला अवघड नाही. मोठा टॉवेल टेबलावर पसरा, मांजर मध्ये, तोंड तुमच्यापासून लांब. एक बाजू मानेखालून पुढून घेऊन अंगावरून गुंडाळा, मग दुसरी. मानेपाशी दोन बोटं जातील एवढीच सैल. हवा तो पाय तेवढा बाहेर काढा. खोक्यातलं मांजर चिडलेलं असेल तर टॉवेल वरून अलगद टाका आणि टॉवेलसकट उचला. हात घालून ओढू नका. कॅरिअरचंही तेच: झाकण काढा आणि खालच्या भागात बसल्या जागीच तपासा.

तरीही मांजर चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. मांजराचा सुळा बारीक आणि खोल जातो, वरून भोक मिटतं आणि जंतू आत राहतात. बोटाच्या सांध्याजवळ चावलं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. रेबीजचा विचार वेगळा, तोही त्याच भेटीत.

कोमट_वाटी

दुसऱ्या मुद्द्याचं. वास घेऊन ओठ चाटणं, गिळत राहणं, तोंड फिरवणं ही मळमळ आहे, नखरे नाहीत. सिरिंजने भरवणं आजपासून बंद करा. दोन कारणं: अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि मळमळत असताना जबरदस्तीने दिलेल्या अन्नाचा मांजराला कायमचा तिटकारा बसतो. बरं झाल्यावरही तेच अन्न पुढे केलं की पाठ फिरवतं. फेस कडवटपणामुळेही येतो, तेव्हा कुणीतरी अन्नात गोळी चुरून घातली असण्याचीही शक्यता आहे. असेल तर तेही बंद. औषध वेगळं, अन्न वेगळं.

आधी न खाण्याचं कारण काढायचं आणि क्रम असा: दुखतंय का, मळमळतंय का, पाणी कमी पडलंय का, नाक चोंदलंय का, आणि मग भूक. दुखणं ओळखायला फेलाइन ग्रिमेस स्केल (मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायचा तक्ता, २०१९) छापून भिंतीवर लावा. कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा, डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना ० ते २ गुण. १० पैकी ४ किंवा जास्त आले तर डॉक्टरांना वेदनाशामकाबद्दल विचारा. (माणसांचं पॅरासिटामॉल मांजराला कधीही नाही. एका गोळीने मांजर दगावू शकतं.) नाक चोंदलेल्या मांजराला वास येत नाही आणि वास नाही म्हणजे भूक नाही. नाक ओल्या कापसाने पुसा, नेब्युलायझरने नुसतं सलाईन १० मिनिटं द्या, मग अन्न ठेवा. भूक वाढवायचं औषध मिर्टाझापिन सगळ्यात शेवटी. मळमळ थांबवल्याशिवाय ते देणं व्यर्थ, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते रोज देत नाहीत, दिवसाआड देतात. ते जास्त झालं की मांजर येरझाऱ्या घालत ओरडत राहतं.

अन्न शरीराएवढं, ३७-३८ अंश कोमट. पसरट बशीत एकच चमचा. २०-३० मिनिटांत खाल्लं नाही तर उचला, दिवसभर नाकासमोर ठेवू नका. त्याने मळमळ वाढते आणि ‘खाल्लं का’ हेही कळत नाही. मालक भेटायला आले की त्यांच्या हातून द्यायला सांगा, पण जवळ कुणी असताना मुळीच न खाणारी मांजरंही असतात. त्यांना रात्री दिवा मालवून खोक्यापाशी वाटी ठेवा.

‘थोडं खाल्लं’ असं फाइलमध्ये लिहू नका. आकडा लिहा. पडून असलेल्या मांजराची रोजची गरज म्हणजे किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. ३ किलोला १६०, ४ किलोला १९८, ५ किलोला २३४ किलोकॅलरी. समजा पाकिटावर १०० ग्रॅमला ८० किलोकॅलरी लिहिलंय, तर चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २५० ग्रॅम. वाटी ठेवताना आणि उचलताना तोला, फरक लिहा.

आणि दिवस घरापासून मोजा. मालक म्हणाले दोन दिवस घरी खाल्लं नाही, तुमच्याकडे दोन दिवस खाल्लं नाही, म्हणजे चार. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जमा होऊ लागते, लठ्ठ मांजरात तर फार लवकर. कानाची आतली बाजू, डोळ्याचा पांढरा भाग किंवा टाळू पिवळी दिसली तर कावीळ सुरू झाली. तोवर थांबायचंच नाही. तीन दिवस गरजेच्या निम्म्याहून कमी खाल्लं असेल तर नळीचा विषय तुम्हीच डॉक्टरांपुढे काढा. नाकातून अन्ननलिकेत जाणारी ५ फ्रेंचची (नळीच्या जाडीचं माप) नळी नाकात भूल देणारे थेंब टाकून बसते, पूर्ण भूल लागत नाही. जागेची खात्री एक्स-रेने. तिच्यातून फक्त पातळ तयार आहार जातो, मिक्सरमधून काढलेलं अन्न अडकतं. आधी ५ मिली कोमट पाणी, मग आहार १०-१५ मिनिटांत हळू, मग पुन्हा ५ मिली पाणी.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्या दिवशी पूर्ण गरज देऊ नका. एक तृतीयांशाने सुरू करा, तीन-चार दिवसांत पूर्णावर आणा. एकदम दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम कोसळतं.

जाळीचा_पिंजरा

मनापासून आभार. ब्युरेट सेट आजच मागवतो. सिरिंज बंद केली, मळमळीचं इंजेक्शन सुरू झालं. एक प्रश्न राहिला: भरती असलेला एक बोका ट्रेमध्ये नुसता बसून नाही, सारखा आत-बाहेर करतोय, माती उकरतोय, मध्येच ओरडतो. सकाळपासून ट्रे कोरडा. बद्धकोष्ठ असेल म्हणून उद्याच्या राउंडला दाखवणार होतो.

थेंबमोज्या

उद्या नाही, आत्ता. बोका, कोरडा ट्रे, सारखं बसणं: उलट सिद्ध होईपर्यंत लघवी तुंबली आहे असंच धरायचं. बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते, खडे किंवा चिकट गोळा अडकला की पूर्ण बंद. रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय मंदावतं. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे ठोके साधारणपणे १६० च्या वर असतात, तुंबलेल्या बोक्याचे १२० लागले तर मिनिटं मोजायची वेळ आहे. पोट स्वतः दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतो. डॉक्टर येईपर्यंत ईसीजी आणि पोटॅशियमच्या तपासणीची तयारी ठेवा.

जाळीचा_पिंजरा

डॉक्टरांना बोलावलं. मूत्राशय टणक होता, कॅथेटर घातला आहे.

थेंबमोज्या

बरं झालं. आता पिशवी बंद पद्धतीची, पिंजऱ्यापेक्षा खाली, जमिनीला न टेकता. दर चार तासांनी मोजा. किलोमागे ताशी १ ते २ मिली ही साधारण लघवी, पण अडथळा सुटल्यावर काही बोके याच्या कितीतरी पट काढतात. तेवढं पाणी सलाईनने भरावं लागतं, म्हणून डॉक्टरांना ‘पिशवी भरली’ न सांगता मिली सांगा. ई-कॉलर (गळ्याभोवतीचं शंकूसारखं कवच) काढू नका, नाहीतर नळी तासाभरात ओढून काढेल. खाताना काढली तर समोर उभं राहा. कॅथेटर काढल्यावर २४ ते ४८ तास धोक्याचे. ट्रे आधी आणि नंतर तोला, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली.

बादली_दोन

चौथा मुद्दा मागे राहिला. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू पार्व्हो जातीचा आहे. खोलीच्या तापमानाला वर्षभर तग धरू शकतो. फिनेल, स्पिरिट, हाताला लावायचं सॅनिटायझर, रोजची क्वाटर्नरी जंतुनाशकं यांवर भरवसा ठेवू नका. उलट फिनेल आणि डांबरासारख्या वासाची फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजरांच्या खोलीतून कायमची काढा. मांजराचं यकृत ती नीट निकामी करू शकत नाही, आणि पंजाला लागलेलं ते चाटून पोटात जातं.

तुम्ही फिनेल मारलं आहे, त्यावर थेट ब्लीच ओतू नका. आधी साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण धुवा: तळ, छत, जाळी, कडी, बिजागऱ्या, चाकं. हे धुणंच मुख्य काम आहे, कारण शी, रक्त, दूध राहिलं तर ब्लीच त्यावरच संपतं. लघवीवर ब्लीच पडलं तर घातक वायू निघतो, तेव्हा ही पायरी गाळता येत नाही. पाणी निथळू द्या. मग ५-६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, लिटरभर पाण्यात ३० मिली. ४ टक्क्यांचं असेल तर ४० मिली. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहिला पाहिजे, वाळला तर पुन्हा मारा. नंतर साध्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडा. द्रावण रोज ताजं, कालचं ओतून द्या. खोलीत तेव्हा मांजरं नकोत, खिडकी उघडी. पुठ्ठा, लाकडी फळी, ओरखडे पडलेला प्लास्टिकचा ट्रे टाकूनच द्या, भेगांत ब्लीच पोचत नाही.

इतकं करूनही त्या पिंजऱ्यात लस न झालेलं पिल्लू ठेवू नका, लस पूर्ण झालेलं मोठं मांजर ठेवा. पिल्लाची लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. एक टोचली म्हणजे झालं असं नाही, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीची लस निष्फळ करू शकते.

कामाचा क्रम: आधी लहान निरोगी पिल्लं, मग इतर भरती, संसर्गाची सगळ्यात शेवटी, शक्यतो वेगळ्या माणसाने. त्या पिंजऱ्याचा थर्मामीटर, स्टेथो, एप्रन, चप्पल, बादली आणि फडकं वेगळं, रंगाने ओळखू येईल असं. बरं होऊन घरी गेलेलं पिल्लूही सहा आठवड्यांपर्यंत विषाणू टाकत राहू शकतं. पुन्हा तपासणीला येईल तेव्हा मालकांना फोन करून आत यायला सांगा, बाहेरच्या बाकावर बसवू नका.